माजूफळ, हिराकस आणि ३,०४,८०५ अक्षरं

सेफेर तोराह म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी. तिच्यात ३,०४,८०५ हिब्रू अक्षरं असतात. त्यांतलं एक जरी तुटलं किंवा शेजारच्याला चिकटलं, तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनासाठी बाद. त्यामुळे लिहिणाऱ्या सोफेरचं खरं लक्ष शाईवर.

शाईचे जिन्नस आपल्या ओळखीचे आहेत: माजूफळ, हिराकस किंवा मोरचूद, आणि बाभूळवर्गीय झाडाचा डिंक. माजूफळ हे फळ नव्हेच. गांधीलमाशीच्या जातकुळीतला चिमुकला कीटक ओकच्या फांदीत अंडं घालतो आणि झाड त्याभोवती गाठ धरतं. ती टॅनिनने ठासून भरलेली असते. कुटून उकळलं की टॅनिन पाण्यात उतरतं आणि हिराकसातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो. ताजी शाई फिकट दिसते. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ती काळीभोर होते आणि पाण्याने सहजी निघत नाही. हिराकस जास्त पडला तर मोकळं लोह उरतं, अक्षरं पुढे तांबूस होतात. धर्मनियमाला तर काळीच शाई लागते. डिंक जास्त झाला तर थर ठिसूळ होऊन गुंडाळताना तडकतो.

ज्यावर लिहायचं ते कातडं कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमाने खायला चालणाऱ्या प्राण्याचंच. चुन्यात भिजवून केस काढायचे आणि चौकटीवर ताणून वाळवायचं. ताणामुळे कोलॅजनचे तंतू पृष्ठभागाला समांतर बसतात. दमट हवेत मात्र कातडं फुगतं, वाळलेली शाई फुगत नाही. तिथे पापुद्रे सुटतात.

आखणी बोथट टोकाने, शाईविना. आपल्या देवनागरीसारखीच ही अक्षरं रेषेखाली लोंबतात. लेखणी पिसाची किंवा बोरूची. प्रत्येक शब्द समोरच्या प्रतीत पाहून, उच्चारून मगच लिहायचा. चुकलं तर वाळलेली शाई खरवडता येते, पण देवाचं नाव खोडता येत नाही. त्यात चूक झाली तर बहुधा अख्खं पान बदलावं लागतं. खरवडून अक्षर घडवणंही चालत नाही. ‘रेश’ आणि ‘दालेत’ ही दिसायला जवळची हिब्रू अक्षरं; ‘रेश’च्या जागी ‘दालेत’ पडला, तर त्याचा कोपरा तासून ‘रेश’ होत नाही. आकार मोडून लेखणीनेच पुन्हा काढावा लागतो.

मेझुझाचे नियम आणखी कडक. दाराच्या चौकटीवर लावायच्या या लिहिलेल्या कातड्याच्या तुकड्यात २२ ओळी, ७१३ अक्षरं, आणि ती क्रमानेच लिहायची. राहून गेलेलं अक्षर मागाहून घालता येत नाही. घरच्या मेझुझाची तपासणी सात वर्षांत दोनदा सांगितली आहे; कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंच्या चौकटीवर पावसाळी दमट हवा लागते, तिथे ती आणखी लवकर केलेली बरी.