रासेची पहिली बाटली आणि वाइनची पिंपं

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत, स्काय बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधोमध रासे नावाचं चिंचोळं बेट आहे. वस्ती दोनशेच्याही आत. बेटावरची पहिली कायदेशीर डिस्टिलरी 2017 साली सुरू झाली. तिची स्वतःची पहिली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून गाळलेली व्हिस्की) आली तेव्हा ती आधी टेनेसी व्हिस्कीच्या पिंपांत मुरली होती आणि शेवटचा काही काळ फ्रान्समधल्या बोर्दोच्या रेड वाइनच्या पिंपांत राहिली होती. एवढ्या कोवळ्या व्हिस्कीला वाइनचं लाकूड का लागलं, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

या बेटांचं आणि वाइनचं नातं जुनं आहे, आणि भांडणाचं आहे. बेटांवरचे सरदार फ्रान्सची वाइन मनसोक्त रिचवत आणि त्यापायी कर्जात बुडत. 1609 साली राजाने त्यांच्याकडून आयोनाच्या करारनाम्यावर सह्या घेतल्या. त्यात बाहेरून वाइन आणि कडक दारू आणून विकायला बंदी होती, घरच्यापुरती घरी गाळायला मात्र मुभा होती. 1616 मध्ये बेटांवरच्या वाइनवर आणखी एक कायदा आला. बेटांवर घरगुती गाळप रुजलं, त्यात या निर्बंधांचाही हात आहे असं मला वाटतं.

वाइनची पिंपं व्हिस्कीकडे आली ती मुख्यतः काटकसरीपोटी. स्पेनहून शेरी, म्हणजे तिथली मद्यार्क घालून कडक केलेली वाइन, ओक लाकडाच्या पिंपांतून ब्रिटनमध्ये येई, तिथे बाटल्यांत भरली जाई आणि रिकामं पिंप स्वस्तात मिळे. चव हा त्यातून झालेला फायदा. 1980 च्या दशकात स्पेनने शेरी मायदेशीच बाटलीबंद करण्याचा नियम केला आणि तो ओघ आटला. त्याच सुमारास बाल्वेनी या स्कॉटिश डिस्टिलरीच्या डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी तयार व्हिस्की थोड्या काळासाठी दुसऱ्या पिंपात घालून पाहिली. 1993 ची ‘डबलवुड’ ही त्याच वाटेवरची. ग्लेनमोरांजी या दुसऱ्या स्कॉटिश डिस्टिलरीने पोर्ट आणि मदिरा या पोर्तुगालच्या कडक वाइनची पिंपं वापरून, शेवटच्या अशा मुरवणीसाठी ‘फिनिश’ हा शब्द लेबलावर रुळवला.

साध्या टेबल वाइनचं पिंप मात्र अवघड. त्यात शेरीसारखा गोडवा नसतो, आंबटपणा आणि टॅनिनचा तुरटपणा असतो. रिकामं पिंप खराब होऊ नये म्हणून आत गंधक जाळतात, त्याचा विझलेल्या काडीसारखा वास व्हिस्कीत उतरू शकतो. यावर व्हिस्कीतज्ज्ञ डॉ. जिम स्वान यांनी बसवलेली पद्धत मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत कळीचं वळण वाटते. पिंपाचा आतला थर तासायचा, उघडं पडलेलं लाकूड मंद आचेवर भाजायचं, मग ज्वाळेने पुन्हा कोळसवायचं. वाइनने भिजलेला वरचा थर जातो, खोलवर मुरलेलं फळ राहतं, आणि कोवळ्या मद्यालाही लवकर रंगत येते. तैवान बेटावर 2006 मध्ये गाळप सुरू करणाऱ्या काव्हालान डिस्टिलरीची ‘विन्यो बारीक’ अशाच पिंपांत मुरलेली. 2015 च्या वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये ती जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरली, आणि नव्या डिस्टिलऱ्यांची भीड चेपली.

नव्या डिस्टिलरीची खरी अडचण वेळेची. 1915 च्या कायद्याने व्हिस्की किमान दोन वर्षं मुरवणं सक्तीचं झालं, वर्षभरात ती मुदत तीन वर्षं झाली आणि आजही तीच आहे. खर्च पहिल्या दिवसापासून, विक्री तीन वर्षांनी. रासेच्या मालकांनी डिस्टिलरी उभी राहण्याआधीच दुसऱ्या एका स्कॉटिश डिस्टिलरीची माल्ट घेतली, इटलीतल्या टस्कनीच्या रेड वाइनच्या पिंपांत ठेवली आणि ‘रासे व्हाइल वी वेट’ या नावाने विकली. ही आमची नव्हे, हे नावातच कबूल केलेलं होतं. असा प्रामाणिकपणा या धंद्यात दुर्मीळ आहे. आपली व्हिस्की पुढे कशी लागावी, याचा नमुनाच त्यांनी आधी लोकांपुढे ठेवला होता.

म्हणून रासेची पहिली व्हिस्की चाखताना आधी धूर शोधावा. पीटचा (बार्ली वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा) हलका धूर हा डिस्टिलरीचा स्वतःचा आवाज, तांबड्या फळांचा गर आणि जिभेच्या कडांवरचा तुरटपणा बोर्दोचा. चार थेंब पाणी घातल्यावरही धूर टिकला, तर लाकडाने मद्य झाकलेलं नाही. नंतरच्या ‘सिग्नेचर’मध्ये त्यांनी फिनिश सोडून दिलं. राय धान्याची व्हिस्की, चिंकापिन ही ओकची अमेरिकी जात आणि बोर्दो अशा तिन्ही पिंपांत पीटवाली आणि बिनपीटची व्हिस्की वेगवेगळी मुरवून मग एकत्र केली जाते. मला हा मार्ग जास्त पटतो.

आपल्याकडेही ही पिंपं पोचली आहेत. नाशिकजवळच्या दिंडोरीची ‘लाँजिट्यूड 77’ ही व्हिस्की बर्बनच्या (मक्याच्या अमेरिकी व्हिस्कीच्या) पिंपांत मुरून वाइनच्या पिंपांत फिनिश होते. पण स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते, आपल्या उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी पट. लाकूडही इथे झपाट्याने बोलायला लागतं, त्यामुळे वाइनच्या पिंपातून व्हिस्की कधी काढायची याचा अंदाज रासेच्या वेळापत्रकावरून बांधता येत नाही.