फ्रिक्वेन्सीपासून सुरुवात करू नका
आमच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ग्राहकांसाठी : डिजिटल रेडिओच्या (वॉकीटॉकीसारख्या दुतर्फी संपर्काच्या) ऐकलेल्या नोंदी कशा मांडाव्यात

ॲनालॉगच्या काळातली वही सोपी होती. एका रकान्यात फ्रिक्वेन्सी, शेजारी कोण बोलतं ते. तीच वही डिजिटलसाठी पुढे रेटली की घोळ होतो. ट्रंकिंगमध्ये (म्हणजे मोजके चॅनल अनेक गटांना गरजेनुसार वाटून देण्याच्या पद्धतीत) एकच गट आत्ता या चॅनलवर असतो, पुढच्या वेळी दुसऱ्याच. डीएमआर या डिजिटल रेडिओच्या मानकात तर १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर ३०-३० मिलिसेकंदांचे दोन टाइमस्लॉट (वेळेचे तुकडे) आलटून पालटून चालतात, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी दोन संभाषणं. टेट्रा या दुसऱ्या मानकात २५ किलोहर्ट्झमध्ये चार स्लॉट. अशा ठिकाणी ‘या फ्रिक्वेन्सीवर कोण?’ याला एक उत्तर नसतंच.

म्हणून आमच्याकडे आधी सिस्टिम (म्हणजे रेडिओचं अख्खं जाळं) उघडते, तिच्या पोटात साइट, साइटच्या पोटात फ्रिक्वेन्सी. टॉकग्रुप (आपसात बोलणारे गट) मात्र साइटखाली नाहीत, थेट सिस्टिमखाली आहेत. नवे ग्राहक इथेच अडखळतात. पण तोच टॉकग्रुप पाच साइटवर ऐकू येतो. तो पाचदा लिहिलात, की नाव दुरुस्त करताना एखादी जागा हमखास राहते.

साइट म्हणजे मनोरा नव्हे. सायमलकास्टमध्ये अनेक मनोरे त्याच फ्रिक्वेन्सीवर तेच एकदम पाठवतात. ती एकच साइट धरा. उलट, एका फ्रिक्वेन्सीवर कधी कलर कोड (डीएमआर संदेशासोबत जाणारा ओळखीचा आकडा) १ दिसतो, कधी ७, तर बहुधा ते दोन वेगळे रिपीटर (संदेश पुढे पाठवणारी केंद्रं) आहेत. कलर कोड ० ते १५ असतो, एनएक्सडीएन या मानकात त्या जागी ० ते ६३ चा रॅन हा आकडा. हा रकाना रिकामा ठेवू नका, नाहीतर दोन नोंदी एकमेकींत मिसळतात. डीएमआर टियर ३ मध्ये (म्हणजे ट्रंकिंगच्या डीएमआरमध्ये) चॅनल क्रमांकही जपून भरा. तो चुकला की स्कॅनर (चॅनल चाळून ऐकवणारा रेडिओ) भलत्याच चॅनलवर जाऊन बसतो.

एन्क्रिप्टेड (सांकेतिक करून पाठवलेला) टॉकग्रुप ऐकू येत नाही म्हणून पुसू नका, तशी खूण करून ठेवा. प्रत्येक नोंदीवर शेवटचं कधी ऐकलं ती तारीख हवी. स्वतः ऐकलेलं आणि अंदाजाने लिहिलेलं यांना वेगळे रकाने दिलेत, ते कृपया वापरा. ऐकण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आपले आपण पाहावेत.

आता आमच्याकडे दुरुस्तीला सर्वाधिक येणारी तक्रार. पी२५ या मानकाचा नॅक (संदेशासोबत जाणारा ओळखीचा क्रमांक) हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ वापरणाऱ्या सोळाच्या पद्धतीत लिहितात. २९३ हा नॅक दशमानात ६५९ होतो, त्यामुळे कोणता आकडा कोणत्या पद्धतीचा हे न लिहिता दोन पद्धतींच्या याद्या एकत्र केल्या की एकच सिस्टिम दोनदा दिसते. ते निस्तरता येतं. स्प्रेडशीटचं वेगळं. समजा, नॅक आहे २ई५ (2E5). स्प्रेडशीटला वाटतं हा दोन गुणिले दहाचा पाचवा घात, आणि त्या चौकटीत २००००० बसतात. त्यावरून मूळ नॅक ओळखता तरी येतो. पण ०ई१ पासून ०ई९ पर्यंतचे सगळे नॅक शून्य होतात, आणि त्या शून्यातून कोणता होता हे आम्हालाही काढता येत नाही. तेव्हा फाइल उघडण्याआधी तो रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करा, आणि मूळ प्रत बाजूला ठेवा.