इस्चीट

इंग्लंडच्या सरंजामी कायद्यातील जुनी संज्ञा. जमीनधारक वारसाविना मेला किंवा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, की त्याची जमीन ज्याच्याकडून मिळालेली असे त्या सरदाराकडे परत जाई. या परत जाण्याला इस्चीट म्हणत. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘वाट्याला येऊन पडलेले’. १०६६ नंतर इंग्लंडमधील सगळ्या जमिनीचा अंतिम धनी राजा मानला गेला; बाकीचे सारे तिचे धारक. धारकाचा वंश खुंटला की जमीन मूळ धन्याकडे वळे. १२९० च्या कायद्याने धारकाने आपल्या हाताखाली नवे धारक नेमण्याची वाट बंद झाली, तशी मधल्या सरदारांची साखळी आखडत गेली आणि अशा जमिनी अधिकाधिक राजाकडे येऊ लागल्या. त्या ताब्यात घेणारे राजाचे अधिकारी लोकांच्या मनातून इतके उतरले, की फसवणुकीला इंग्रजीत रूढ झालेला ‘चीट’ हा शब्द याच संज्ञेतून निघाला.

गुन्ह्यापायी होणारे इस्चीट १८७० साली, तर वारसाअभावी होणारे १९२५ च्या कायद्याने रद्द झाले. दिवाळखोरीत कोणीच न स्वीकारलेली जमीन मात्र तिथे आजही याच मार्गाने राजसत्तेकडे जाते.

या संज्ञेच्या रशियन भाषांतरात ‘वीमोरोच्नोये इमुश्चेस्त्वो’ हा शब्दप्रयोग वापरतात. इमुश्चेस्त्वो म्हणजे मालमत्ता. वीमोरोच्नोये हे विशेषण ‘मरून संपणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या कुळातले. त्यातला ‘मोर’ आणि आपले ‘मरण’ एकाच प्राचीन धातूची लेकरे. मराठेशाहीच्या दप्तरातला ‘गतकुळी जमीन’ हा शब्द याच्या फार जवळ जातो. दोन्हीकडे नजर संपलेल्या कुळावर आहे. इंग्रजी शब्दाची नजर जमीन कुणाच्या पदरात पडली यावर आहे.

म्हणून हे भाषांतर डोळे मिटून वापरू नये. रशियन शब्द मालमत्तेचे वर्णन करतो, इंग्रजी शब्द हस्तांतराचे. तेव्हा क्रियेविषयी बोलताना ‘वारसहीन मालमत्ता सरकारकडे जाणे’ असा विस्तार करावा लागतो. गुन्ह्यापायी गेलेली जमीन त्या रशियन शब्दात बसतच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा फरक हक्काचा: रशियाच्या नागरी संहितेच्या कलम ११५१ नुसार नगरपालिका किंवा राज्यसंस्था अशी मालमत्ता वारस म्हणून घेते, वारस नसलेले घर बहुधा नगरपालिकेकडे जाते. इंग्लंडचा सरदार वारस नव्हता, तो आपलीच जमीन परत घेत होता.

भारतात ही संज्ञा इंग्रजी अमलातून आली आणि टिकली. संविधानाच्या अनुच्छेद २९६ मध्ये आणि हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम २९ मध्ये ती आहे. बोलीत आपण ‘सरकारजमा होणे’ म्हणतो. १८४८ साली साताऱ्याचे राज्य दत्तकपुत्र नाकारून खालसा केले गेले, त्यामागेही वारस नसेल तर वरचा धनी मालक हाच विचार होता, पण त्या धोरणाची संज्ञा वेगळी आहे. दोन्हींची गल्लत करू नये.