टवका भरायचा असतो, घासायचा नसतो

खंबाटकी उतरताना पुढे खडीचा डंपर होता, ताडपत्री अर्धवट बांधलेली. ‘टक्’ असा एकच आवाज आला. घरी येऊन पाहिलं, तर बॉनेटच्या पुढच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला. कडेने राखाडी रंग आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा उघडा पत्रा. शेजारच्या काकांनी लगेच उपाय सांगितला, “रबिंग मारून घे, निघून जाईल.”

हा सल्ला जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो आणि नेमका तोच उलटा आहे. रबिंग किंवा पॉलिश म्हणजे पृष्ठभाग थोडा थोडा खरवडून सपाट करणं. टवका म्हणजे तिथला रंगच गेलेला. जे मुळात कमी पडलंय, ते आणखी घासून कसं भरून येणार? गाडीचा रंग कसा रचलेला असतो हे एकदा कळलं, की कुठे घासायचं आणि कुठे भरायचं हे आपोआप उमगतं.

कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, म्हणजे पुढचे थर पत्र्याला घट्ट धरतात. मग तो रंगाच्या हौदात बुडवून वीजप्रवाह सोडतात. रंगाचे विद्युतभारित कण पत्र्याकडे ओढले जातात आणि दाराच्या आतल्या खाचाखोचांतही जाऊन बसतात. हा साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर भट्टीत भाजला जातो आणि गंजाशी खरी झुंज तोच देतो. त्यावर प्रायमर ३० ते ४० मायक्रॉन, मग आपण जो रंग पसंत करून गाडी घेतो तो जेमतेम १५ ते २० मायक्रॉन, आणि सगळ्यांत वर ४० ते ५० मायक्रॉनचा बिनरंगी पारदर्शक थर, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात. वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवा, ही सगळी जाडी साधारण तेवढीच भरते. गाडीची चमक रंगात नसते, त्या बिनरंगी थरात असते.

पूर्वी असं नव्हतं. सुरुवातीच्या मोटारींवर वार्निशाचे थर चढवायला आणि वाळवायला आठवडे लागत. १९२३ साली ड्युपाँट कंपनीने ‘ड्युको’ हे झटपट वाळणारं लॅकर बाजारात आणलं आणि ते काम फार लवकर होऊ लागलं. आपल्याकडचे जुने रंगारी अजूनही ‘ड्युको मारतो’ म्हणतात, तो शब्द तिथला. त्या गाड्या पुसल्या की फडक्याला रंग लागायचा, कारण रंगच सगळ्यांत वर असे. आज क्लिअर कोट असलेली गाडी पॉलिश करताना फडक्यावर रंग उतरला, तर हात तिथेच थांबवावा. वरचा थर संपलेला असतो.

आता ओरखड्यांकडे येऊ, कारण पॉलिशचं खरं काम तिथे आहे. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. ते ओरखडे खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पण जे ओरखडे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश परतवतात आणि त्यांचंच जाळं दिसतं. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटावर दिव्याभोवती हेच दिसतं. हे ओरखडे बहुतेक वेळा आपणच पाडतो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणं, हे त्याचं सर्वांत मोठं कारण. धुळीतल्या वाळूचा मुख्य घटक क्वार्ट्झ. खनिजांच्या १० अंशांच्या काठिण्य-मापनात त्याचा अंक ७ आहे, साधी काचसुद्धा त्याने चरते. क्लिअर कोट तर त्यापुढे फारच मऊ. धूळ आधी पाण्याने वाहून जाऊ द्यावी आणि मगच गाडीला हात लावावा, हे मला कुठल्याही महागड्या पॉलिशपेक्षा मोलाचं वाटतं.

ओरखडा किती खोल आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. ओलं असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. अपवर्तनांक म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि क्लिअर कोटचा साधारण १.५. खाचेत हवेऐवजी पाणी भरलं की प्रकाशाला तिथे ‘पायरी’ कमी लागते आणि तो कमी विखुरतो. कोरडा कडप्पा भुरकट दिसतो आणि ओला झाला की काळाभोर, तेही याचमुळे. दुसरी खूण नखाची. नख आडवं फिरवल्यावर अडकलं, तर तो ओरखडा पॉलिशने काढायच्या नादी लागू नये.

पॉलिशमध्ये बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिबारीक पूड असते. ओरखड्याच्या दोन्ही काठांचा पृष्ठभाग तळाच्या पातळीपर्यंत खाली आणणं, एवढंच ती करते. म्हणजे प्रत्येक पॉलिश त्या ४०-५० मायक्रॉनांतूनच खर्च होते. अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात. तो फार पातळ झाला की खालचा रंग विटतो आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. म्हणून दर दिवाळीला मशीन मारून घेण्याची सवय मला पटत नाही. कडा आणि कोपऱ्यांवर तर मशीन नकोच, तिथे सगळा दाब एका रेषेत येतो. टूथपेस्टचा घरगुती उपाय चालतो, कारण तीही घासणारी पूडच आहे. पण ती बनवली आहे दातांच्या एनॅमलसाठी, जे क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतं. वॅक्सचं काम मात्र वेगळं आहे. ते काही काढत नाही, बारीक खाचा भरतं आणि पाणी झटकतं.

टवक्याची गोष्ट दिसण्याची कमी आणि गंजाची जास्त आहे. दगडाच्या आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने दगडावर आदळलात, तर तडाखा दीडपटीहून मोठा. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने तिथला टवका वर्षभर राहिला तरी बिघडत नाही. पत्र्यावरचा तसा सोडता येत नाही. उघड्या लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की तिथे सूक्ष्म विद्युतघट तयार होतो. एका जागी लोखंड विरघळतं, शेजारी अल्कली तयार होते आणि ती रंगाची पकड सोडवत रंगाखाली सरकते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो. बाहेरून मोहरीएवढं दिसणारं आतून चवलीएवढं पसरलेलं असतं. मालवण-रत्नागिरीकडे हवेतल्या मिठामुळे हा घट आणखी जोमाने चालतो. पत्र्याला जस्ताचा मुलामा असेल, तर लोखंडाआधी जस्त झिजतं आणि आपल्याला थोडी सवड मिळते.

म्हणून टवका भरायचा. गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पट्टीवर छापलेला असतो, त्याच कोडचा टच-अप रंग आणावा. जागा धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण वॅक्सचा अंश राहिला तर रंग धरत नाही. सुटा गंज टोकदार पात्याने खरवडावा. उरलेल्यासाठी टॅनिक आम्लाचं द्रावण मिळतं. ते लोखंडाशी संयोग पावून काळपट, स्थिर संयुग बनवतं. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच क्रियेतून बनत असे. मग पत्रा दिसत असेल तिथे प्रायमर, आणि त्यावर रंग.

बाटलीतल्या ब्रशने रंग फासू नये. दात कोरायच्या काडीच्या टोकावर थेंब घेऊन टवक्याच्या मध्यावर टेकवावा. पृष्ठताणामुळे तो स्वतःच कडांपर्यंत पसरतो. एकाच वेळी काठोकाठ भरायचा मोह टाळावा. या रंगाचा बराच भाग द्रावक असतो आणि तो उडून गेला की भरलेली जागा खचते. जाड थरावर आधी साय धरते आणि द्रावक आतच अडकतो. तीन-चार पातळ थर, मध्ये पुरेसा वेळ, आणि शेवटी क्लिअर कोट.

श्रावणातल्या दमट हवेत हे काम करू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, माठातलं पाणी गार होतं तसाच, आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर दव होऊन बसते. रंग पांढुरका होतो. मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवरही नको. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ सगळ्यांत चांगली.

चंदेरी किंवा मेटॅलिक रंग असेल, तर अगदी बरोबर कोड आणूनही ठिपका वेगळा दिसतो. त्यात ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या असतात. कारखान्यातल्या फवाऱ्याने त्या आडव्या पसरून आरशासारख्या बसतात, थेंबात त्या वाटेल तशा उभ्याआडव्या राहतात. रंग तोच, प्रकाश परतवण्याची दिशा निराळी. हे घरी पूर्णपणे टाळता येत नाही.

माझी गाडीही चंदेरीच. बॉनेटवरचा तो ठिपका दोन हात अंतरावरून शोधावा लागतो. जवळ वाकलं, तर थोडा गडद दिसतो. दोन पावसाळे गेले, त्याच्या कडेला तांबूस रेघ उमटलेली नाही.