चोर्ला घाट आणि तीस युनिटांची बॅटरी

सत्तरीतल्या केरीहून चोर्ला घाटाला लागलं की अंजुणेचं धरण बघता बघता खाली जातं. घाटमाथ्यापर्यंत विजेची गाडी साधारण 700 मीटर उंची चढते. दोन-तीन माणसं धरून गाडीचं वजन 1,600 किलो असेल, तर एवढं ओझं वर न्यायला निव्वळ गुरुत्वाकर्षणापोटी सुमारे 3 युनिट वीज लागते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट. टायरचं घर्षण, हवेचा विरोध आणि मोटरमधली घट त्यात मिळवली की माझ्या ढोबळ हिशेबाने घाट चढायला पाचेक युनिट जातात. टाटांची नेक्सॉन ईव्ही (ईव्ही म्हणजे विजेची गाडी) जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली तेव्हा तिची बॅटरी होती 30.2 युनिटांची. म्हणजे एका घाटात तिचा सहावा हिस्सा खर्ची पडतो. बॅटरी एकदा भरली की गाडी जाते असे कागदावरचे 312 किलोमीटर प्रयोगशाळेतल्या फिरत्या रुळांवर मोजलेले असतात, आणि त्या रुळांना घाट नसतो.

पण घाट उतरतानाची गोष्ट वेगळी आहे. पेट्रोलची गाडी उतारावर आपली सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाळते आणि पायथ्याशी येईपर्यंत ब्रेक तापून वास येतो. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच जनित्र होते: चाकं तिला फिरवतात, ती वीज बनवते आणि बॅटरीत परत भरते. चढताना साठवलेल्या त्या 3 युनिटांतून घर्षण आणि हवा आपला वाटा आधी घेतात. उरलेल्यातून एक-सव्वा युनिट परत मिळतं, शिवाय घाट फुकटात उतरून होतो. एक पथ्य मात्र पाळायला हवं. माथ्यावरच बॅटरी शंभर टक्के भरून निघालात, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो. त्यामुळे वर राहणाऱ्याने खाली उतरण्याआधी बॅटरी थोडी रिकामी ठेवलेली बरी.

आपल्याकडच्या बहुतेक विजेच्या गाड्या क्रॉसओव्हर धाटणीच्याच का, म्हणजे कारचा सांगाडा आणि जीपसारखी उंची, याचंही कारण बॅटरीच आहे. बॅटरीची जड, चपटी पेटी तळाशी ठेवली की गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी घट्ट बसते. पण तिच्या जाडीमुळे बसायची जमीन वर सरकते. छप्पर बुटकं असेल तर डोकं टेकतं, आणि पेटी खाली लोंबू द्यावी तर पहिल्याच गतिरोधकावर ती घासते. उंच गाडीत दोन्ही प्रश्न सुटतात. नेक्सॉन मुळात 2017 ची पेट्रोल-डिझेल गाडी होती. तिच्या तळाशी बॅटरीची पेटी बसेल अशी जागा अभियंत्यांना शोधावी लागली. सुरुवातीपासून विजेसाठीच आखलेला सांगाडा नंतर आला. टाटांच्या पंच ईव्हीत तो जानेवारी 2024 मध्ये दिसला, आणि महिंद्रांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाकणला बनणाऱ्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई आणल्या.

या पेटीतच खरी देशी कारागिरी आहे, असं माझं ठाम मत आहे. पेटी बनते ती सेल नावाच्या छोट्या छोट्या घटकांची. एका सेलचा विद्युतदाब जेमतेम 3.2 व्होल्ट, मोटरला लागतात 300 च्या वर. म्हणून शंभरच्या आसपास सेल एकापाठोपाठ जोडावे लागतात. त्यातला एक सेल जरी इतरांपेक्षा लवकर भरला किंवा जास्त तापला तरी संपूर्ण साखळीला त्याच्याच चालीने चालावं लागतं. प्रत्येक सेलचा दाब आणि ठिकठिकाणचं तापमान सतत पाहणारा संगणक, आणि सेलच्या लगत फिरणारं थंड द्रव, या दोन गोष्टींवर बॅटरीचं आयुष्य ठरतं. निसानने आपल्या लीफ गाडीत द्रवाची व्यवस्था केली नव्हती. अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात तिच्या बॅटऱ्या भराभर थकल्या आणि 2012 मध्ये ग्राहकांनी तक्रारींचा धोशा लावला. आपल्याकडचं ऊन पाहता नेक्सॉन ईव्हीला पहिल्यापासून द्रवशीतन दिलं गेलं, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

गोव्यात लोक सगळ्यात आधी विचारतात ते पावसाचं. बॅटरीच्या पेटीला आयपी67 असं मानांकन असतं. त्यातला 6 सांगतो की धूळ आत जात नाही. 7 सांगतो की मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी पाणी आत शिरत नाही. साचलेल्या पाण्यातून जायला हे पुरेसं आहे. मात्र ही चाचणी गोड्या पाण्याची. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा वर्षानुवर्षं बोल्ट, जोडण्या आणि तळाचा पत्रा खात असते, त्यामुळे पावसाळा संपला की गाडी उचलून तळ बघून घ्यावा.

आता सेलकडे येऊ, कारण तिथे ‘स्वदेशी’ हा शब्द अजून पुरा पडत नाही. पेटी इथे बांधली जाते, आतले सेल बहुतांशी चीनमधून येतात. आपल्या बऱ्याच गाड्यांत लिथियम-लोह-फॉस्फेट सेल असतात. हे रसायन जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1997 मध्ये पुढे आणलं. लिथियम बॅटरीवरच्या एकूण कामासाठी गुडइनफ यांना 2019 चं नोबेल मिळालं, आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर वाटून. निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा यात वजनाच्या मानाने वीज कमी मावते, पण ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे तापल्यावर तो सहजी सुटत नाही आणि आगीला खाद्य मिळत नाही. उष्ण देशाला हा सौदा परवडतो. या संयुगात वजनाने लिथियम असतं जेमतेम साडेचार टक्के, आणि लोखंड 35 टक्के! डिचोली-सत्तरीतल्या माणसाला हे वाचून खाणीच आठवतील. पण लोखंड हा यातला सगळ्यात स्वस्त घटक. अडतं ते शुद्धतेवर आणि कारखान्यावर.

केंद्र सरकारने 2021 मध्ये सेलनिर्मितीसाठी 18,100 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली, लक्ष्य 50 गिगावॉट-तासांचं, म्हणजे पाच कोटी युनिटं मावतील एवढ्या सेलचं. टाटा समूहाचा सेल कारखाना गुजरातमध्ये साणंदला उभा राहतो आहे. हे काम इतकं कठीण का, याचं एक उत्तर हवेत आहे. सेलमधलं लिथियमचं क्षार पाण्याच्या अंशाशी भेटलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं आणि सेल आतून कुजतो. म्हणून सेल बनवण्याची दालनं इतकी कोरडी ठेवतात की तिथल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) उणे 40 अंशांच्या आसपास असतो. आषाढातल्या कोकण-गोव्याच्या हवेतून एवढं पाणी काढायला यंत्रं अहोरात्र चालवावी लागतात, आणि त्यांचं वीजबिल सेलच्या किमतीत चढतं.