पिवळा गोळा आणि चार भुतं

१९७८मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ गेम आला आणि जपानमधली गेम पार्लरं ओसंडून वाहू लागली. गर्दी जवळपास सगळी पुरुषांची. कोंदट जागा, आणि पडद्यावर चाललेली धडाधड गोळीबारी. ‘नामको’ कंपनीतल्या पंचविशीच्या तोरू इवातानीला वाटलं, इथे मुली आणि जोडपी यायची तर गेमच निराळा हवा. मुलींना काय आवडतं, असा विचार करता करता तो खाण्यापाशी येऊन थांबला! आज हे वाचून बायका डोळे फिरवतील, पण त्यातूनच १९८०चा ‘पॅक-मॅन’ निघाला: चक्रव्यूहात ठिपके खात, भुतांना चुकवत फिरणारा पिवळा गोळा. नाव ‘पाकू-पाकू’वरून, म्हणजे मचमच खाण्याच्या जपानी आवाजावरून.

खाण्यापेक्षा मला त्याची रचना महत्त्वाची वाटते. बटण एकही नाही, नुसती दांडी. नवखी बाईसुद्धा पहिल्याच नाण्यात खेळू लागेल. चार भुतं, चौघांचे स्वभाव वेगळे: लाल पाठ सोडत नाही, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवायला बघतं. कोपऱ्यातली मोठी गोळी गिळली की तीच भुतं निळी पडून पळत सुटतात. भीती आणि सूड, दोन्ही काही सेकंदांत.

अमेरिकेत त्याच सुमारास ‘अटारी’ कंपनीच्या डोना बेलीने एड लॉगच्या जोडीने ‘सेंटिपीड’ केला. गोळीबार तिथेही होता, पण समोर गोम होती, रंग नेहमीपेक्षा निराळे आणि हाताखाली गरगर फिरवायचा चेंडू. तो बायकांनी भरपूर खेळला. म्हणजे बायकांना गोळीबारच नको असतो, हा समजही खरा नव्हे. १९८२मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ आली. लाल बो सगळ्यांच्या लक्षात राहिला. तिचे चक्रव्यूह चार आहेत आणि भुतं कुठे वळतील याचा अंदाज कमी लागतो, हे मात्र खेळणाऱ्यांनाच ठाऊक.

पुढे अमेरिकेतल्या विल राइट या गेम बनवणाऱ्याच्या डोक्यात ‘बाहुलीघर’ आलं. १९९१च्या ओकलंडच्या वणव्यात त्याचं घर जळालं होतं, ते पुन्हा उभं करताना. कंपनीत फारसा कुणाचा विश्वास नव्हता. २०००मध्ये ते ‘द सिम्स’ म्हणून, पडद्यावरच्या माणसांचा घरसंसार चालवायचा गेम होऊन बाजारात आलं आणि बायकांनी घरोघरी नेलं.

जागेचा प्रश्न मात्र मोबाइलनेच सोडवला. आपल्याकडच्या पार्लरात मुलगी शिरली की पोरं वळून बघायची. विरार लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकून ‘कँडी क्रश’ची लेव्हल काढणारीकडे कुणी बघत नाही, फार तर शेजारीण वाकून सांगते, “अगं, ती लाल आधी हलव.”