एका स्पीकरला दोन अँप्लिफायर: बाय-अँपिंगची पार्श्वभूमी
गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवरून जाणाऱ्या साउंड सिस्टीमच्या गाडीवर बेसला वेगळे आणि टॉपला वेगळे अँप्लिफायर असतात, याचे कोल्हापूरकरांना नवल वाटत नाही. तीच रचना, म्हणजे बाय-अँपिंग, दिवाणखान्यातल्या हाय-फाय स्पीकरला करायची म्हटली, की मात्र तिचा उपयोग होतो का, असा वाद सुरू होतो. त्या वादाचे मूळ जुने आहे.

अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या घडणीचा मूव्हिंग-कॉइल स्पीकर मांडला; पण खर्जापासून तार सप्तकापर्यंतचा सगळा भार एकट्या स्पीकरला पेलत नाही, हे बोलपटांनी लवकरच दाखवून दिले. प्रभातने १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट कोल्हापुरात काढला, त्याच दशकात हॉलिवूडच्या एमजीएम या चित्रपट कंपनीच्या ध्वनिविभागाने डग्लस शिअरर यांच्या नेतृत्वाखाली चित्रपटगृहांसाठी खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळ्या हॉर्नांतून काढणारी यंत्रणा उभारली. ही वाटणी अँप्लिफायरच्या नंतर बसवलेल्या कॉइल-कपॅसिटरच्या क्रॉसओव्हरने (स्वर वाटून देणाऱ्या मंडलाने) होत असे, आणि बहुतेक घरगुती स्पीकरांच्या पेटीत आजही तीच रीत आहे.

या रीतीत दोन अडचणी आहेत. कॉइलचा रोध वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये येतो. शिवाय बेसच्या जोरदार ठोक्याला अँप्लिफायरची मर्यादा संपली, तर त्या विकृतीतले वरचे स्वर थेट ट्विटरमध्ये (वरच्या स्वरांच्या स्पीकरमध्ये) शिरतात. वाटणी अँप्लिफायरच्या आधीच, सूक्ष्म संकेतावर केली आणि वूफर आणि ट्विटर या प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा अँप्लिफायर दिला, की दोन्ही अडचणी टळतात. ५० वॅटचे दोन अँप्लिफायर अशा वेळी, अनुकूल परिस्थितीत, २०० वॅटच्या एकाच अँप्लिफायरइतकी शिखरे पेलतात, कारण दोघांचे व्होल्टेज मिळून दुप्पट होते आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते.

१९७० च्या दशकात फिलिप्सने अंगचे अँप्लिफायर असलेले स्पीकर घरांसाठी आणले. १९७६ मध्ये सीगफ्रीड लिंकविट्झ यांचा सक्रिय, म्हणजे अँप्लिफायरच्या आधी वाटणी करणाऱ्या, क्रॉसओव्हरवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या आणि रस रायली यांच्या नावाने ओळखला जाणारा फिल्टर आज मैदानी यंत्रणांत सर्रास वापरला जातो.

घरगुती बाजारात मात्र १९८० च्या दशकापासून मागे चार टर्मिनल (वायर जोडण्याच्या जागा) असलेले स्पीकर रुळले आणि कल्पनेला फाटा फुटला. त्यांना दोन अँप्लिफायर जोडता येतात, पण पेटीतला क्रॉसओव्हर जागचा हलत नाही. दोन्ही अँप्लिफायरांना पूर्ण संकेतच मिळतो, म्हणून व्होल्टेजची मर्यादा आधी होती तिथेच राहते. सात चॅनेलच्या एव्ही रिसीव्हरमधली (होम थिएटरच्या अँप्लिफायरमधली) ‘बाय-अँप’ सोय याच जातीची आहे. तिचा लाभ, माझ्या मते, बेताचाच आहे. हा प्रयोग करायचाच असेल, तर खालच्या आणि वरच्या टर्मिनलांना जोडणारी पितळी पट्टी आधी काढावी लागते; ती तशीच राहिली, तर दोन अँप्लिफायरांचे आउटपुट एकमेकांवर आदळतात आणि अँप्लिफायर जळू शकतो.